ओरेस्टचा वर गेलेला हात

१० डिसेंबर, शनिवार
उणे एकवीस. रस्ता बरा. रेल्वेच्या फाटकापाशी घसरण.

बस चालवणं सोडून सहा महिने झाले तरी हात आधी हवा आणि रस्ताच लिहितो. सत्तावीस वर्षं शाळेच्या बसची नोंदवही भरली, त्यातल्या दोन कोऱ्या वह्या घरी राहिल्या. म्हटलं, वाया कशाला घालवा. आता यात मुलांच्या हजेरीऐवजी मी आणि माझा नवरा ओरेस्ट.

आज क्लबात कर्लिंगचा सामना. ओरेस्ट कप्तान. म्हणजे बर्फाच्या पलीकडच्या टोकाला वर्तुळात उभा राहून झाडू टेकवून दाखवणार, आणि बाकीचे तिघं तिकडे दगड घसरवत पाठवणार. मी काचेमागे कॉफी घेऊन. सहाव्या डावात त्याच्या संघातल्या लॉईडचा दगड आला, दुसऱ्या दगडावर खाडकन आदळला आणि अगदी मधोमध थांबला. आणि ओरेस्टचा उजवा हात वर! म्हणजे माझा झाडू लागला, दगड जळला, बाद. आमच्या गावातल्या सामन्यांना पंच नसतो. ज्याचा लागला त्याने आपण होऊन सांगायचं, आणि सांगितल्यावर कोणी उलट विचारायचं नाही. लॉईडने गुमान दगड पायाने बाजूला सारला. सामना एका गुणाने गेला.

"लेका," लॉईड नंतर म्हणाला, "माझ्या हातून जन्मात एकदा असा दगड पडतो, आणि तुला नेमकं आजच साधू व्हायचं होतं?"

ओरेस्ट हसला नाही. मला मात्र भारी अभिमान वाटला. अख्ख्या पेल्टन गावात कोणाला दिसलं नव्हतं, तरी सांगितलं.

१४ डिसेंबर, बुधवार
उणे चौदा. बर्फ भुरभुरतंय.

ओरेस्टच्या हातून मग पडला, या आठवड्यातला तिसरा. म्हटलं, माझ्या माहेरचे मग संपवायचेत का? संध्याकाळी मागच्या दारात बुर्कोची थाळी भरून ठेवलेली दिसली. बुर्को ऑगस्टमध्येच गेला. चौदा वर्षांची सवय, कुत्र्याची माया सुटत नाही माणसाला. मी थाळी उचलून ठेवली.

१८ डिसेंबर, रविवार
उणे सव्वीस. गाडी तिसऱ्या खेपेला सुरू झाली.

नाताळची स्पर्धा. उपांत्य सामन्यात ओरेस्टने दोनदा हात वर केला. दोनदा! दुसऱ्या वेळी तर समोरचा कप्तानच म्हणाला, "राहू दे ओरेस्ट, मला तर काही दिसलं नाही." पण हात वर झाला म्हणजे झाला. दगड गेला, सामना गेला. वर जेवणघरात लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. बटाट्याच्या पिरोगी करंज्या वाढणाऱ्या बायका म्हणाल्या, असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. क्लबाच्या समितीत खिलाडूपणाच्या ढालीसाठी त्याचं नाव निघालंय म्हणे. मी पिसारा फुलवून फिरत होते, खोटं कशाला बोलू.

घरी येताना गाडीत त्याने विचारलं, "व्हर्ना, कुठला दगड गं?"

"कुठला म्हणजे?"

"ज्याला माझा झाडू लागला तो."

मी म्हटलं, लागला तुझा झाडू आणि विचारतोस मला? तो खिडकीबाहेर बघत राहिला. दमला असेल.

२१ डिसेंबर, बुधवार
उणे एकोणीस. रस्ता बघितला नाही.

आज एक गंमत पाहिली, म्हणजे गंमत की काय कोण जाणे.

ओरेस्ट टेबलाशी ब्रेडला लोणी लावत होता. माझ्या हातून पातेल्याचं झाकण खाली पडलं, खण्णकन. त्याचा उजवा हात कोपरातून वर ओढला गेला, मूठ आवळलेली, आणि त्याच क्षणी तोंडाची उजवी बाजू कोणी दोरीने खेचावी तशी वर. एक, दोन, संपलं. तो परत लोणी लावायला लागला.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"काय केलं?"

सत्तावीस वर्षं आरशातून साठ मुलांवर नजर ठेवली आहे मी. कोण कोणाला चिमटा काढतो ते मागच्या बाकापर्यंत दिसायचं. आणि चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याचं हे दिसलं नाही! लगेच वही घेतली. जेवणापर्यंत चौदा आचके. प्रत्येक वेळी उजवाच हात, उजवाच गाल. कधीच तीन सेकंदांच्या वर नाही. खुर्चीतून उठताना जास्त, आणि मोठा आवाज झाला की हमखास.

मग मी एक आगाऊपणा केला. तो पेपर वाचत होता, मागे जाऊन जोरात टाळी वाजवली. आचका! थोड्या वेळाने पुन्हा. आचका! तिसऱ्यांदा मला जवळजवळ हसू आलं, इतकं ते नेमाने येत होतं. त्याने वळून विचारलं, "काय झालंय तुला? डास मारतेस डिसेंबरात?" तेव्हा माझी मला लाज वाटली.

२३ डिसेंबर, शुक्रवार
उणे आठ, उबदार. फाटकापाशी पाणी.

दवाखान्यात गेलो. डॉ. न्वांक्वो नायजेरियाच्या, इथे येऊन तीन हिवाळे झाले, आता आमच्याहून जाड कोट घालतात. त्यांच्यासमोर ओरेस्ट पंचवीस मिनिटं दगडी पुतळ्यासारखा बसला. एक आचका येईल तर शपथ. गाडीचा मेकॅनिक बघायला आला की गाडीचा आवाज बंद होतो, तसलाच प्रकार. मी टाळी वाजवून दाखवणार होते, पण ओरेस्टने असं बघितलं की हात मांडीवरच राहिले.

रक्तात मीठ कमी आहे, म्हणजे सोडियम. डॉक्टर म्हणाल्या, रक्तदाबाच्या गोळीने होतं असं, गोळी बदलू. आचके निवृत्तीनंतरच्या ताणाचेही असू शकतात, पण सास्काटून शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिते. तारीख मिळाली ती नऊ मेची.

"ताण?" ओरेस्ट गाडीत फणफणला. "मला कसला ताण? मागे उभी राहून टाळ्या वाजवणारी बायको सोडून?"

३० डिसेंबर, शुक्रवार
उणे तीस. कुठे गेलो नाही.

आज एक्केचाळीस. झोपेतसुद्धा येतात, गादी हलते. मी सगळ्या पदार्थांत मीठ वाढवलंय. बिटाचं बोर्श्ट सूप इतकं खारट झालं की लॉईड म्हणाला, "हे प्यायचं की फाटकापाशी बर्फ वितळायला रस्त्यावर टाकायचं?"

६ जानेवारी, शुक्रवार
उणे बावीस. आकाश मोकळं.

आमच्या युक्रेनी नाताळची पूर्वसंध्या. पहिली चांदणी दिसली आणि बारा पदार्थ मांडले. लॉईडचे पूर्वज आइसलँडचे, पण त्याची बायको गेल्यापासून दर वर्षी आमच्याकडेच जेवतो. रीतीप्रमाणे ओरेस्टने गव्हाच्या खिरीचा चमचा छताकडे उडवायचा. चिकटली तर वर्ष चांगलं. मी चमचा पुढे केला, लॉईडने खुर्ची खर्रकन सरकवली, आणि आचका आला. खीर छताला अशी काही चिकटली की बास! एवढी कधीच चिकटली नव्हती. सगळे हसलो, ओरेस्टसुद्धा.

मग तो प्रार्थना म्हणायला उभा राहिला. त्याच्या बापाची प्रार्थना, चाळीस वर्षं दर नाताळला म्हणतो. पहिली ओळ म्हणाला आणि थांबला. पुन्हा पहिली ओळ. पुन्हा थांबला. माझ्याकडे बघितलं, बसमध्ये चढलेलं नवं पोर बघतं तसं. पुढचं मी म्हटलं.

वर छताला खीर आणि खाली हे. जेवण गेलं नाही. बुर्कोची थाळी आठवली, ती मी सवय म्हणून उचलून ठेवली होती. ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे, आणि ते हाताकडून डोक्याकडे चाललंय. मे महिन्यापर्यंत माझा नवरा किती उरेल?

९ जानेवारी, सोमवार
उणे सतरा. बर्फ.

गोळी बदलून दोन आठवडे झाले, रक्तातलं मीठ आणखी उतरलं. म्हणजे गोळीचा दोष नव्हता. आणि माझ्या खारट बोर्श्टचाही उपयोग नव्हता. डॉ. न्वांक्वो म्हणाल्या, "मला एकदा तो आचका बघायला मिळायला हवा. तुम्ही सांगता त्यावर विश्वास आहे माझा, पण सास्काटूनला फोन करून घाई करायची तर मला दाखवता आलं पाहिजे."

ओरेस्टसमोर फोन धरला तर तो खोलीबाहेर जातो. कालपासून चिडतोही फार. चाळीस वर्षांत त्याने मला 'गप्प बस' म्हटलं नव्हतं, ते काल म्हटलं.

११ जानेवारी, बुधवार
उणे बारा. रस्ता साफ.

भांडी घासताना डोक्यात आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! लॉईडने मागच्या वर्षी बर्फावर कॅमेरा बसवलाय, पलीकडचं टोक जेवणघरातल्या पडद्यावर दिसावं म्हणून. ते सगळं साठून राहतं. आणि दगड दगडावर आदळला की आवाज होतो.

सरळ क्लब गाठला. लॉईडने नाताळच्या स्पर्धेचं चित्रण लावलं. आम्ही दोघं बाकावर, हातात थंड कॉफी.

दगड आदळला. ओरेस्टचा हात वर. "थांबव," मी म्हटलं. मूठ आवळलेली. तोंड उजवीकडे ओढलेलं. आणि हलत्या दगडापासून तो चांगला दहा फुटांवर. झाडू डाव्या हातात, उभा, बर्फाला टेकलेलासुद्धा नाही.

"दुसरा लाव."

दुसऱ्यातही तेच. दहा तारखेच्या सामन्यातही तेच. खाडकन आवाज, मूठ, वाकडं तोंड. दगड जळल्याचं सांगणारा माणूस पंजा उघडा करून हात वर करतो, मुठी कोण दाखवतं? आणि आम्ही ऐंशी माणसं काचेमागे बसून टाळ्या वाजवत होतो. दुसऱ्या कुठल्याही खेळात कोणी ओरडलं असतं, अरे हा काय करतोय? आमच्याकडे हात वर झाला की विचारायचं नाही. एवढ्या त्या सभ्यपणापायी माझ्या माणसाचा एक महिना गेला. आणि सगळ्यांत मोठी टाळी माझी होती.

लॉईड म्हणाला, "त्या तीन दगडांवरून मी त्याला किती चिडवलं गं."

"तेव्हा तुला काय माहीत?"

"हे तू डॉक्टरांना देणार. म्हणजे गावात कळणार की त्याने सांगितलेलं खरं नव्हतं. त्याला विचारलंस?"

नाही विचारलं.

१२ जानेवारी, गुरुवार
उणे बारा.

विचारलं. चित्रण दाखवलं. ओरेस्टने तीनदा पाहिलं, मग खुर्चीत बसला.

"मला वाटलं, लागला असेल," तो म्हणाला. "भानावर आलो की हात वर दिसायचा आणि लॉईड दगड बाजूला करत असायचा. मला कळलं नसेल, माझ्या हाताला कळलं असेल, असं वाटायचं. हात खोटं कशाला बोलेल?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? गाव मला खरा माणूस म्हणतंय. हे दिलंस की मी आजारी माणूस. मला खरा माणूस म्हणून राहू दे, व्हर्ना. मे काही फार लांब नाही."

मी ओरडले. फार ओरडले. म्हटलं, मेपर्यंत तुला माझं नाव आठवेल का? बापाची प्रार्थना गेली, कुत्रा मेलेला आठवत नाही, खरा माणूस म्हणून राहशील पण कोण म्हणून राहशील? माझ्या ओरडण्याने त्याला लागोपाठ दोन आचके आले. मी तोंडावर हात धरला. तो उठला, माझा हात खाली केला आणि म्हणाला, "दे."

१३ जानेवारी, शुक्रवार
उणे पंधरा.

डॉ. न्वांक्वोंनी पहिलंच चित्र पाहिलं, खुर्ची पुढे ओढली, पुन्हा पाहिलं. माझ्या वहीतली पानं उलटली. किती, केव्हा, कुठली बाजू, कशाने, सगळं. "हे तुम्ही लिहिलंत?" म्हटलं, बस चालवायचे मी. त्यांनी आमच्यासमोरच सास्काटूनला फोन लावला. मेची तारीख सोमवारवर आली.

१७ जानेवारी, मंगळवार. सास्काटून
खिडकीतून नदी दिसते. हवेचं माहीत नाही.

डॉ. ग्रेगुआर, पन्नाशीच्या बाई, बोलताना पेन्सिल कानावर. त्यांना नाव माहीत होतं या दुखण्याचं. मेंदूला सूज, पण कुठल्या जंतूने नाही. शरीराचे राखणदारच मेंदूतल्या एका भागाला चोर समजून बडवत सुटतात. चेहरा आणि हात एकदम खेचणारे, दिवसात शंभरदा येणारे हे छोटे आचके ही त्याची सुरुवातीची खूण. रक्तातलं मीठ उतरणं ही दुसरी. मग आठवण जाते.

मी विचारलं, सगळ्यांना असेच आचके येतात का? त्या खूश झाल्या, कोणी विचारत नसावं. नाही म्हणाल्या. राखणदार मेंदूतल्या कशावर तुटून पडतात त्यावर ठरतं. एखाद्या मुलीचं तोंड झोपेतही चघळत राहतं, हात हवेत काहीतरी विणत राहतात, आणि घरच्यांना वाटतं वेड लागलं. एखादा मेणाच्या बाहुल्यासारखा ताठ होतो, हात उचलून ठेवला तर तिथेच राहतो. एखाद्याला चालताच येत नाही. "हालचाल नीट बघणारं माणूस घरात असलं की निम्मं काम होतं," त्या म्हणाल्या. ओरेस्ट म्हणाला, "हिला बघायची हौस फार. टाळ्यासुद्धा वाजवते." डॉक्टरांना कळलं नाही, मी लाल झाले.

पाठीतून पाणी काढलं. तपासणीचा निकाल यायला तीन आठवडे. पण थांबणार नाही म्हणाल्या, स्टेरॉइड आजच शिरेतून. थांबलं की आठवण जाते, आणि गेलेली सगळी परत येईलच असं नाही.

२४ जानेवारी, मंगळवार. सास्काटून

१७ ला एक्कावन्न आचके. १८ ला पंचेचाळीस. १९ ला वीस. २० ला अकरा. २१ ला चार. २२ ला चार. २३ ला एक.

आज संध्याकाळपर्यंत एकही नाही. नर्सच्या हातून लोखंडी ट्रे पडला, अख्खा मजला दणाणला. मी ओरेस्टकडे पाहिलं, ओरेस्टने माझ्याकडे पाहिलं. हात पांघरुणावर पडलेला. "तूच पाडायला सांगितलास ना?" तो म्हणाला. मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले.

८ फेब्रुवारी, बुधवार
उणे चोवीस. फाटकापाशी घसरण.

घरी. निकाल आला, डॉ. ग्रेगुआर म्हणाल्या तेच. गोळ्या वर्षभर तरी. चेहरा गोळ्यांनी फुगलाय, लॉईड म्हणतो भोपळ्याला मिशा काढल्यात. रात्री जेवायच्या आधी ओरेस्टने आपण होऊन बापाची प्रार्थना म्हटली, शेवटपर्यंत. नाताळ होऊन महिना झाला होता, पण मी मध्ये बोलले नाही.

१९ मार्च, रविवार
उणे दोन. रस्त्यावर चिखल.

क्लबाचं वर्षअखेरचं जेवण. खिलाडूपणाची ढाल ओरेस्टला. ओरेस्टला डिसेंबर आठवत नाही, जानेवारीही अर्धा कोरा. छतावर खिरीचा डाग आहे तो कशाचा ते मी सांगितलं, तरी हसू आलं ते ऐकीव गोष्टीला येतं तसं. काल विचारत होता, "मी झाडू लावला होता का गं दगडाला?" मी वही पुढे केली. बसून सगळी वाचली, टाळ्यांचं पानसुद्धा.

आज नाव पुकारल्यावर तो उभा राहिला. म्हणाला, "मी हात वर केला नव्हता. माझ्या दुखण्याने केला. माझा झाडू एकाही दगडाला लागला नाही. ही ढाल मला नको." आणि बसला. लॉईड पुटपुटला, "आता तर द्यायलाच पाहिजे याला." पण ढाल कपाटात परत गेली. ओरेस्ट घरी येताना शीळ घालत होता.

१८ नोव्हेंबर, शनिवार
उणे नऊ. रस्ता चांगला.

दुसरी वही. ओरेस्ट कप्तान नाही, लॉईड आहे. ओरेस्ट सगळ्यांत आधी दगड टाकतो आणि मग इतरांच्या दगडांपुढचं बर्फ झाडतो. डाव कितवा ते कधी कधी विचारावं लागतं त्याला, पण खेळतो.

शेवटचा डाव, गुण बरोबरीत. लॉईडचा शेवटचा दगड येत होता आणि ओरेस्ट त्याच्यासमोर वाकून झाडत होता. दगड समोरच्या संघाच्या दगडावर खाडकन आदळला, तो उडाला आणि आमचा मधोमध थांबला. जिंकलो! बाकावर सगळे ओरडत उठले. आणि ओरेस्टचा उजवा हात वर.

मला काचेतून दुसरं काही दिसेना. पेन खिशातून कधी काढलं कळलं नाही. एक, दोन, तीन, चार, पाच. हात वरच. पाच? मी उठून काचेला नाक लावलं. पंजा उघडा होता, पाचही बोटं सुटी. तोंड सरळ.

"लागला," तो म्हणाला, काचेआडूनही ओठांवरून कळलं. "माझा झाडू लागला." बर्फावर कोणाला दिसलं नव्हतं. लॉईड त्याच्याकडे बघत राहिला, मग काचेकडे वळून माझ्याकडे. पहिल्यांदाच आमच्या क्लबात कोणीतरी हात वर केलेल्या माणसाला उलट विचारलं. "लेका, नक्की?"

"नक्की. मला कळलं."

लॉईडने दगड पायाने बाजूला सारला. सामना हरलो. अख्ख्या जेवणघरात मी एकटीच टाळ्या वाजवत होते, आणि थांबवता येत नव्हतं.